वाऱ्याचा वाटा : जहाजातील केबिनचा इतिहास

१/
८ जुलै १९१०. फ्रान्सच्या मार्सेय बंदरात पी. अँड ओ. कंपनीची ‘मोरिया’ ही आगबोट उभी होती. तिच्यातून कैदी म्हणून हिंदुस्थानात नेले जात असलेले विनायक दामोदर सावरकर शौचकूपाच्या गोल खिडकीतून अंग बाहेर काढून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्याला लागले. ही उडी मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. जिच्यातून ती घेतली गेली त्या खिडकीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती खिडकी गोल का होती, एवढीशीच का होती आणि तेवढीसुद्धा कोणाच्या वाट्याला येत नसे, या प्रश्नांचा माग काढला तर समुद्रप्रवासाचा एक वेगळा इतिहास हाती लागतो. तो इतिहास हवेच्या वाटणीचा आहे.

२/
जहाजाच्या बाजूला पाडलेले प्रत्येक छिद्र हे समुद्राला दिलेले आमंत्रण असते. चौकोनी छिद्राच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि तेथूनच पत्रा तडकण्याची भीती असते; गोल छिद्रात तो ताण सर्वत्र विभागला जातो. म्हणून जहाजाची खिडकी, म्हणजे पोर्टहोल, गोल आणि लहान. तिला जाड काच आणि वरून लोखंडी झाकण. समुद्र खवळला की खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या बंद करून आवळून टाकाव्या लागत, आणि त्याबरोबर आत येणारी हवाही थांबे. म्हणजे लाटांपासून जो जितका उंच, तितके दिवस त्याची खिडकी उघडी. जहाजावरील मानाच्या उतरंडीचे मूळ या साध्या गणितात आहे.

३/
आरंभी मात्र उंचावरच्यांचीही स्थिती फारशी हेवा करण्याजोगी नव्हती. १८४० मध्ये क्युनार्ड कंपनीची ‘ब्रिटानिया’ लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघू लागली. लाकडी बांधणी, बाजूला फिरणारी चाके, लांबी जेमतेम २०७ फूट आणि जागा ११५ प्रवाशांची. ताज्या दुधासाठी डेकवर एक गाय बांधलेली असे. जानेवारी १८४२ मध्ये कादंबरीकार चार्ल्स डिकन्स पत्नीसह या जहाजाने गेला. जाहिरातीतील चित्रात प्रशस्त दिसलेली केबिन प्रत्यक्षात इतकी चिमुकली निघाली की ‘अमेरिकन नोट्स’ या पुस्तकात त्याने तिची यथेच्छ टवाळी केली. चित्रातली खोली आणि मिळालेली खोली यांतील अंतर हा समुद्रपर्यटनाचा सर्वांत जुना अनुभव म्हटला पाहिजे.

४/
तोवर समुद्रप्रवास हा कामासाठी सोसायचा त्रास होता. त्यात मौजही असू शकते, ही कल्पना विकण्याचे श्रेय बऱ्याच अंशी पी. अँड ओ. कंपनीकडे जाते. १८३७ मध्ये स्पेन व पोर्तुगालची टपाल नेण्याचे कंत्राट मिळवून ही कंपनी उभी राहिली आणि १८४० मध्ये राजसनद मिळवून तिने पूर्वेकडे मोहरा वळवला. १८४४ मध्ये तिने भूमध्य समुद्रातील सहलीची तिकिटे विकायला काढली आणि लेखक विल्यम मेकपीस थॅकरे याला फुकट प्रवास घडवला. कलकत्त्यात जन्मलेल्या या लेखकाने जिब्राल्टर, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, कैरो असा फेरा करून त्यावर पुस्तक लिहिले. प्रसिद्ध माणसाला मोफत फिरवून त्याच्याकडून वर्णन मिळवण्याची युक्ती पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे.

५/
केबिनचे खरे स्थित्यंतर घडले १८७१ मध्ये, व्हाइट स्टार कंपनीच्या ‘ओशनिक’ जहाजावर. त्यापूर्वी उच्च वर्गाच्या केबिन परंपरेने पिछाडीला असत. शिडाच्या जहाजांत ती जागा सोयीची होती. पण वाफेच्या जहाजात पिछाडीखालीच पंखा फिरतो, त्याची थरथर सर्वाधिक तेथेच जाणवते आणि जहाज हेलकावताना टोकेच सर्वांत जास्त वरखाली होतात. ‘ओशनिक’ने पहिल्या वर्गाला उचलून जहाजाच्या मध्यभागी आणले, खिडक्या मोठ्या केल्या, केबिनमध्ये नळाचे पाणी आणि नोकराला बोलावण्यासाठी विजेची घंटा दिली. आजही उलटीचा त्रास होणाऱ्यास मधली व खालच्या बाजूची केबिन घ्यायला सांगतात, त्यामागे हेच यंत्रशास्त्र आहे.

६/
याच सुमारास मुंबईचे भाग्यही पालटले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. त्याआधी विलायतेचा प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरून जमिनीवरून सुएझ गाठी आणि तेथे दुसऱ्या बोटीत चढे. कालव्यामुळे एकाच केबिनमध्ये सामान लावून मुंबईपर्यंत येणे शक्य झाले. आता दोन-तीन आठवडे तीच खोली घर ठरणार होती; त्यामुळे ती कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला, यंत्रांपासून किती दूर, हे प्रश्न पूर्वीपेक्षा महत्त्वाचे ठरले. आणि या मार्गावर सर्वांत मोठा प्रश्न होता तो तांबड्या समुद्राचा.

७/
दोन्ही बाजूंना वाळवंट आणि मध्ये तापलेले पाणी. वारा पाठीमागून येत असेल आणि त्याचा वेग जहाजाएवढाच असेल, तर डेकवर पान हलत नसे. केबिनच्या खिडकीत पत्र्याची अर्धगोल सुपासारखी पन्हळ बसवून जाता-जाता जेवढी हवा ओढता येईल तेवढी ओढली जाई. जेवणघरात कापडी पंखे हलत. तरीही रात्री केबिनमध्ये झोपणे अशक्य झाले की गाद्या डेकवर आणल्या जात. एका बाजूला स्त्रिया, दुसऱ्या बाजूला पुरुष. उष्म्याने प्रवासी कासावीस झाले तर थोडा वारा मिळावा म्हणून काही वेळा कप्तान जहाजाचे तोंडच उलट फिरवी. पैशाने पहिला वर्ग विकत घेता येई, वारा मात्र नेहमीच घेता येत नसे.

८/
येथेच एका लोकप्रिय दंतकथेची तपासणी करायला हवी. ‘पॉश’ हा शब्द ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाला, असे सर्रास सांगितले जाते. हिंदुस्थानात येताना जहाजाची डावी बाजू आणि परतताना उजवी बाजू उन्हापासून तुलनेने दूर राहते. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर ही अक्षरे छापत, अशी ही कथा. उन्हाचे गणित बरोबर आहे, पुरावा मात्र शून्य. अशी अक्षरे असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. ‘पॉश’ हा शब्द छापील मजकुरात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिसतो, आणि ही व्युत्पत्ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. कथा टिकली, कारण ती खरी वाटते. इतिहासाला तेवढे पुरत नाही.

९/
जहाजावरचा दिवस घंटेने बांधलेला असे. सकाळी स्नानाची पाळी, कारण फार थोड्या केबिनना स्वतःचे स्नानघर होते. मग न्याहारी, डेकवर फेऱ्या, दोरखंडाच्या कड्या फेकण्याचे खेळ, दुपारचे जेवण, चहा आणि रात्री पोशाख बदलून भोजन. कोण कोणाच्या टेबलाशी बसतो, कप्तानाशेजारी कोणाला जागा मिळते, यावर समाजातले स्थान ठरे. हिंदुस्थानी प्रवाशाला या घड्याळात स्वतःला बसवणे सोपे नव्हते. समुद्र ओलांडणे हेच अनेकांच्या दृष्टीने पातक. त्यात पाणी कोणाच्या हातचे, अन्न कोणत्या भांड्यातले, हे प्रश्न दिवसातून अनेकदा समोर येत. घरी देवघर आणि स्वयंपाकघर वेगळे असते; केबिनमध्ये सारे काही एका बिछान्याच्या अंतरावर आले.

१०/
१८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया वेगवेगळ्या बंदरांतून निघाल्या. नुकतीच अठरा वर्षांची झालेली आनंदीबाई जोशी पतीशिवाय कलकत्त्याहून वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेकडे गेली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचली. पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडकडे निघाल्या. त्यांचे प्रवासवर्णनपर पत्र त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून छापले गेले. दोघीही शाकाहारी. ज्या भोजनगृहात मांसाविना जेवणाची कल्पनाच नव्हती, तेथे रोज पानावर बसणे हीच एक परीक्षा होती. पुस्तकांत या प्रवासांना एखादे वाक्य मिळते. प्रत्यक्षात त्यांना कित्येक आठवडे लागले, आणि त्या प्रत्येक दिवशी नकार किंवा तडजोड करावी लागली.

११/
४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ या बोटीने निघालेल्या मोहनदास गांधी या तरुणाची अवस्था निराळी नव्हती. जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार त्यांच्या केबिनचे सोबती होते. काटा-चमचा धरता येईना, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचा धीर होईना. म्हणून गांधी टेबलाशी न जाता बरोबर आणलेली मिठाई आणि फळे केबिनमध्येच खात राहिले. त्यांनी आत्मचरित्रात हे मोकळेपणाने सांगितले आहे. एकाच खोलीला अशा रीतीने दोन अर्थ होते. साहेबासाठी ती झोपण्याची जागा; परका ठरलेल्या प्रवाशासाठी ती लपण्याची जागा.

१२/
परंतु ज्यांना केबिनच नव्हती, त्यांची संख्या पुष्कळ होती. पी. अँड ओ.सारख्या जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई खलाशांना इंग्रजीत ‘लास्कर’ म्हणत. डेकवरच्या कामात कोकणातले, विशेषतः रत्नागिरी भागातले मुसलमान खलाशी मोठ्या प्रमाणात. भट्टीघरात पंजाब व सरहद्दीकडचे. आणि भोजनगृहात वाढपी, आचारी, केबिनचे नोकर म्हणून गोव्याचे ख्रिस्ती. सारंग हा टोळीचा म्होरक्या, टंडेल त्याचा दुय्यम, सुकाणी सुकाणूवर आणि भंडारी चुलीपाशी. गोव्याचे तरुण काम मिळेपर्यंत मुंबईत धोबी तलाव, माझगाव येथील गावागावांच्या ‘कूड’ नावाच्या सामायिक वसतिगृहांत एक पेटी ठेवून राहत. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांहून अधिक लास्कर होते. गोऱ्या खलाशाच्या एक-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी वेतनावर ते राबत.

१३/
आता हवेचा हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कायद्याने प्रत्येक खलाशामागे राहण्यासाठी ७२ घनफूट जागा बंधनकारक केली होती. लास्करसाठी ते माप होते ३६ घनफूट, बरोबर निम्मे. सहा फूट उंचीची जागा धरली तर जमिनीला उरतात सहा चौरस फूट, म्हणजे तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद. पुढे १९०६ मध्ये ब्रिटिश खलाशाचे माप १२० घनफुटांवर नेले गेले. लास्करला त्या वाढीचा लाभ मिळाला नाही. त्या काळी जहाजाचा आकार मोजण्याचा नोंदणी-टन १०० घनफुटांचा असे. म्हणजे एका टनाच्या पोकळीत कायद्याने जवळजवळ तीन माणसे बसवता येत. ही जागाही बहुधा नाळेजवळ, जेथे हेलकावा सर्वाधिक. ‘ओशनिक’ने श्रीमंतांना ज्या टोकांच्या जागेतून सोडवले, तशाच टोकाला हे लोक राहिले.

१४/
या भेदाचे समर्थनही तयार होते. उष्ण देशातील माणसाला उष्णता बाधत नाही, त्याला दाटीवाटीची सवयच असते, असे सांगितले जाई. ज्या तांबड्या समुद्रात पहिल्या वर्गाचे प्रवासी रात्री गाद्या घेऊन डेकवर धावत, त्याच वेळी अनेक मजले खाली भट्टीसमोर माणसे फावड्याने कोळसा ओढत उभी असत. त्यांच्यासाठी जहाज उलट फिरवल्याची कथा कोणी सांगत नाही. वरच्या डेकवर वाऱ्याची झुळूक यायची तर जहाजाने वेग धरायला हवा. वेग धरायचा तर खाली कोळसा पडत राहायला हवा. वरचा वारा खालच्या घामातून निर्माण होत होता, हे रूपक नव्हे, ते यंत्राचे साधे वर्णन आहे.

१५/
संकटकाळी ही उतरंड कशी बोलते, ते २० मे १९२२ रोजी दिसले. लंडनजवळील टिलबरीहून मुंबईकडे निघालेली पी. अँड ओ.ची ‘इजिप्त’ ही बोट फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ दाट धुक्यात ‘सेन’ या फ्रेंच जहाजाच्या धडकेने बुडाली. ८६ जण मेले. त्यांत १५ प्रवासी आणि ७१ कर्मचारी होते. ब्रिटिश वृत्तपत्रांतून लगोलग आरोप झाला की, हिंदुस्थानी खलाशी घाबरले आणि नौकांकडे धावले. चौकशीत मात्र बचाव-नौकांच्या कवायतीत झालेल्या हयगयीचा ठपका कप्तानावर ठेवण्यात आला. जहाजात दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने व चांदी होते. ते इटालियन पाणबुड्यांनी दहा वर्षांनी वर काढले आणि जगभर गाजले. बुडालेले सोने इतिहासात राहिले; बुडालेल्या ७१ जणांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

१६/
तिकडे युरोपात प्रवासाचे सहलीत रूपांतर पूर्ण होत आले होते. हॅम्बुर्गच्या हापाग कंपनीचे आल्बर्ट बालिन यांच्यापुढे एक व्यापारी अडचण होती. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी घटत आणि महागडी जहाजे रिकामी पडत. २२ जानेवारी १८९१ रोजी त्यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सहलीला पाठवले आणि स्वतःही सपत्निक त्यात बसले. हीच कंपनी एरवी अमेरिकेला जाणाऱ्या गरीब निर्वासितांना तळमजल्यावर दाटीने बसवून नफा कमावत होती. आधुनिक क्रूझची बीजे या स्थलांतराच्या धंद्यातच रुजलेली आहेत.

१७/
पुढचे पाऊल होते केवळ सहलीसाठी जहाज बांधण्याचे. २९ जून १९०० रोजी जलावतरण झालेली ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ पांढरीशुभ्र होती आणि एखाद्या राजनौकेसारखी दिसे. १२० केबिन, सर्व पहिल्या वर्गाच्या. ग्रंथालय, व्यायामशाळा आणि हौशी छायाचित्रकारांसाठी अंधारखोलीसुद्धा. दुसरा-तिसरा वर्ग नव्हताच. १६ डिसेंबर १९०६ रोजी ती जमैकाजवळ खडकावर चढून नष्ट झाली. प्रवासी वाचले, कप्तानाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. जहाज गेले, पण नमुना उरला. या नमुन्यात गरीब प्रवासी दिसेनासा झाला. गरीब माणूस जहाजावर उरला तो फक्त कर्मचारी म्हणून.

१८/
१९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासासाठी जहाज ही गरज संपली. उरली ती सहल. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’वर प्रवाशांच्या सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि अनेकींना स्वतंत्र सज्जा होता. २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर ७,६०० पर्यंत प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी मावतात. आतली केबिन, खिडकीची केबिन, सज्जाची केबिन, स्वीट, अशी दरांची पायरी आजही हवा आणि प्रकाशाच्याच मोजपट्टीवर चढते. ज्यांना खिडकी परवडत नाही त्यांच्यासाठी काही जहाजांत भिंतीवर पडदा लावून बाहेरच्या समुद्राचे थेट चित्र दाखवतात. वर्ग गेले असे म्हणतात. त्यांची नावे तेवढी बदलली आहेत.

१९/
खाली काय बदलले? पुष्कळ, आणि ते नाकारणे अन्याय ठरेल. २००६ मध्ये संमत होऊन २०१३ मध्ये अमलात आलेल्या सागरी श्रम कराराने नव्या प्रवासी जहाजांवर दोन कर्मचाऱ्यांच्या खोलीस किमान ७.५ चौरस मीटर जमीन ठरवून दिली. म्हणजे माणशी सुमारे ४० चौरस फूट. ३६ घनफुटांच्या तुलनेत हे अंतर मोठे आहे, आणि ते संघटना, संप आणि कायदे यांनी कापलेले आहे. तरीही या खोल्या बहुधा पाण्याच्या पातळीजवळ किंवा तिच्याखालीच असतात. गोव्यातील आणि कोकणातील तरुण आजही कित्येक महिन्यांच्या करारांवर तेथे राहतात, जहाजाच्या लांबीभर धावणाऱ्या ज्या मार्गिकेतून त्यांची ये-जा चालते, तिला अमेरिकी महामार्गाच्या नावावरून ‘आय-९५’ म्हणतात. तो रस्ता प्रवाशाला कधी दिसत नाही.

२०/
शेवटी पुन्हा ‘मोरिया’कडे. १९०३ ते १९११ या काळात बांधलेल्या, ‘एम’ अक्षराने नावे सुरू होणाऱ्या दहा जहाजांपैकी ती एक होती. तिच्याच मालिकेतील ‘मेदिना’ने डिसेंबर १९११ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याला दिल्ली दरबारासाठी मुंबईत आणले. एकाच घडणीची दोन जहाजे. एकात कैदी, दुसऱ्यात सम्राट. आणि पी. अँड ओ.च्या अशा जहाजांत एरवी, नाळेजवळच्या अंधारात, कोकणचे सारंग आणि टंडेल.

क्रूझच्या जाहिरातीसोबत जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा येतो: केबिन, तरणतलाव, भोजनगृहे, सारे रंगवून दाखवलेले. कर्मचारी राहतात ते मजले त्यात बहुधा छापलेलेच नसतात. इतिहास वाचणाऱ्याने नकाशातील हीच कोरी जागा सर्वांत आधी पाहावी.